कुंपणावरचं बुद्ध्यांकपुराण

"मंदाताई, कुरडया उचलून झाल्या का? जरा भिंतीजवळ या नं. हे बघा शाळेनं काय पाठवलं."

"थांब, चष्मा लावते. हं... 'आपल्या पाल्याची बुद्ध्यांक चाचणी करून अहवाल शाळेत सादर करावा.' म्हणजे चिन्मयची? काय केलं त्यानं?"

"काही करत नाही हीच तर तक्रार. तिसरीत आहे, पण वाचताना अडखळतो, फळ्यावरचं अर्धंच उतरवून आणतो. आणि आमच्या सासूबाई सकाळपासून एकच म्हणून राहिल्या, 'आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं.' म्हणजे खापर माझ्या माहेरावर."

"अगं, बुद्धी मोजायची सुरुवातच या वाक्यानं झाली. गाल्टन नावाचा इंग्रज होता, फ्रान्सिस गाल्टन. डार्विनच्या सावत्र आत्याचा मुलगा."

"तो माकडवाला डार्विन?"

"तोच. या आतेभावानं 1869 मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं. मोठी माणसं मोठ्या घराण्यांतच निपजतात, न्यायाधीशांच्या घरी न्यायाधीश, विद्वानांच्या घरी विद्वान. घरचा पैसा, ओळखीपाळखी, चांगली शाळा यांना त्याच्या लेखी फारशी किंमत नव्हती. मोजायचं तर इतकं वेड, की कोटाच्या खिशात कागद आणि टाचणी घेऊन गावोगाव फिरायचा. रस्त्यात बाई दिसली की देखणी, बरी की कुरूप ते ठरवून खिशातल्या खिशात कागदाला भोक पाडायचा. मग इंग्लंड-स्कॉटलंडचा सौंदर्याचा नकाशा करायला निघाला. लंडन पहिलं आलं, अ‍ॅबर्डीन शेवटचं."

"बाप्पा! आणि हा शास्त्रज्ञ?"

"मोठा शास्त्रज्ञ, तेही खरं. 1884 मध्ये लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात यानं दालन मांडलं. तीन पेन्स द्यायचे आणि आत शिरायचं. डोळ्यांना किती लांबचं दिसतं, मुठीत जोर किती, फुंकर किती जोराची, आवाज ऐकून हात किती चटकन हलतो, सगळं मोजून कागदावर. 9 हजारांवर माणसं पैसे देऊन मोजून घेऊन गेली. त्याला वाटायचं, ज्याची इंद्रियं तल्लख त्याची बुद्धी तल्लख. पुढे 1901 मध्ये अमेरिकेत विस्लर नावाच्या विद्यार्थ्यानं कोलंबियाच्या कॉलेजातल्या मुलांवर ताळा करून पाहिला, तर या मोजमापांचा आणि परीक्षेतल्या मार्कांचा काडीचा संबंध निघेना. संपलं ते दुकान. पण चांगल्यांची पैदास वाढवावी, वाईटांची थांबवावी, हा विचार गाल्टननं पेरला तो संपला नाही. 'युजेनिक्स' हे नावही त्याचंच, 1883 चं. ते पीक पुढे कुणी कापलं, सांगते."

"पण शाळेनं जी मागितली, ती चाचणी कुणाची?"

"तिचा मूळ पुरुष आल्फ्रेड बिने, पॅरिसचा. हा माझा लाडका. त्याची सगळी कुंडली मला पाठ आहे. शिकला कायदा, घरचा पैसा होता, वाचनालयात बसून मानसशास्त्र आपलं आपण वाचलं. मग शार्को नावाच्या बड्या डॉक्टरच्या दवाखान्यात गेला. तिथे संमोहनाचे प्रयोग चालायचे. बिनेनं आणि त्याच्या जोडीदारानं छापलं, की संमोहित बाईच्या एका हाताला आलेला लुळेपणा लोहचुंबक फिरवला की दुसऱ्या हाताला जातो."

"काहीतरीच!"

"तेच बेल्जियमहून आलेल्या देल्बफला वाटलं. तो येऊन उभा राहिला, तर चुंबक बाईच्या समोर, सगळी चर्चा बाईच्या समोर. तिला काय करायचं ते आधीच ठाऊक! बिनेची चारचौघांत नाचक्की झाली आणि शेवटी त्यानं चूक कबूलही केली. पण तेव्हापासून एक गोष्ट अंगात मुरली, की तपासणाऱ्याच्या मनातलं तपासल्या जाणाऱ्याला कळतं. पुढे शाळकरी पोरांची डोकी मोजत होता, कवटी मोठी तर अक्कल मोठी का ते बघायला. फरक निघाला तो मिलिमीटरांचा, तोही कधी असा कधी तसा. आणि त्यानंच लिहिलं, की हुशार पोराचं डोकं मोजताना माझी पट्टी माझ्या नकळत सैल पडत असेल. इतका प्रामाणिकपणा या धंद्यात पुढे फार जणांनी दाखवला नाही."

"घरी बायकापोरं होती की नाही?"

"दोन मुली, माद्लेन आणि अलीस. घरातच प्रयोगशाळा. शब्द सांगायचा, त्यावरून काय आठवतं ते लिहून घ्यायचा. एक नेटकी, जमिनीवर पाय असलेली. दुसरी आपल्या नादात उडणारी. पुस्तकात दोघींची नावं बदलून टाकली, मार्गेरित आणि आर्मांद. एका घरात, एका आईच्या हातचं खाऊन दोन पोरी इतक्या वेगळ्या विचार करतात, म्हणजे बुद्धी एका साच्याची नाही, हे त्याला तिथेच दिसलं. शिवाय नाटकंही लिहायचा. ग्रां गिन्योल नावाचं थिएटर होतं, रक्त, खून, वेड असल्या भयनाटकांचं, त्यासाठी."

"मुलांचा डॉक्टर आणि भुताखेतांची नाटकं!"

"डॉक्टर नव्हता गं. आणि त्याची झाक चाचणीतही आहे, ऐक. फ्रान्समध्ये 1882 ला शाळा सक्तीची झाली. आजवर जी पोरं शेतात, कारखान्यात असायची ती वर्गात आली. काही मागे पडायची. त्यांचं करायचं काय म्हणून सरकारनं 1904 मध्ये समिती नेमली, बिने तिच्यात. तेव्हाची रीत अशी, की एकाच मुलाला एक डॉक्टर एका दर्जाचा मंदबुद्धी ठरवायचा, दुसरा दुसऱ्या. खोडकर पोरगा नको म्हणून मास्तरही नाव पुढे करणार. बिने म्हणाला, सगळ्यांना सारखेच प्रश्न विचारू. सिमाँ नावाचा तरुण डॉक्टर हाताशी घेतला आणि 1905 मध्ये 30 कामांची मोजपट्टी काढली. सोप्यापासून अवघडाकडे. पेटती काडी डोळ्यांपुढून फिरवली तर नजर तिच्यामागे जाते का? चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा ठेवला तर खायचं कोणतं ते कळतं का? नाक दाखव, कान दाखव. मी म्हणते ते आकडे म्हण. दोन डब्यांतला जड कोणता? 1908 मध्ये प्रश्न वयाप्रमाणे लावले. अमुक वयाची बहुतेक मुलं जे करतात ते त्या वयाच्या खणात."

"आणि ती भुताची झाक?"

"वाक्यातला वेडेपणा ओळखा, असा प्रश्न होता. एका मुलीचं प्रेत सापडलं, 18 तुकडे झालेलं. लोक म्हणतात तिनं आत्महत्या केली."

"अगं बाई! हे लेकरांना विचारायचे?"

"विचारायचे. पोरं हसायची म्हणतात. दुसरा एक साधा होता, 'मला तीन भाऊ आहेत, पॉल, एर्नेस्त आणि मी.' एकात बायकांच्या चेहऱ्यांच्या जोड्या, सुंदर कोणती ते दाखवायचं. बिने मला कितीही आवडत असला तरी हा प्रश्न मला कधी पटला नाही. गाल्टनच्या खिशातली टाचणीच ती. पण बिनेचं मूळ म्हणणं घट्ट होतं. या मुलाला आज कुठे अडतंय ते शोधा आणि तिथे मदत करा. बुद्धी जन्माला येताना ठरते ती ठरली, असं मानणाऱ्यांवर त्यानं 1909 च्या पुस्तकात चांगलं तोंडसुख घेतलंय. आणि 1911 मध्ये गेला बिचारा, 54 व्या वर्षी. मग चाचणी पडली दुसऱ्यांच्या हाती."

"आकडा कुणी काढला? ते शंभर, एकशेवीस?"

"जर्मनीतला श्टेर्न. 1912 मध्ये म्हणाला, मानसिक वयाला खऱ्या वयानं भागा. स्टॅनफर्डच्या टर्मननं 1916 मध्ये अपूर्णांक घालवायला त्याला 100 नं गुणलं. आठ वर्षांच्या पोरानं सहा वर्षांच्या मुलांएवढंच केलं की 75. झाला बुद्ध्यांक. आता तसा काढत नाहीत. मूल त्याच्याच वयाच्या मुलांत कुठे बसतं ते बघतात, मधोमध 100 धरून. तर या टर्मननं 1921 पासून कॅलिफोर्नियातली दीड हजार अतिहुशार मुलं निवडली आणि जन्मभर त्यांच्या मागावर राहिला. शॉक्ली आणि अल्वारेझ ही दोन पोरंही तपासली होती, पण आकडा कमी भरला म्हणून घेतली नाहीत. पुढे दोघांना नोबेल मिळालं, एकाला 1956 मध्ये, एकाला 1968 मध्ये. निवडलेल्यांत नोबेल एकालाही नाही."

"छान झालं!"

"थांब, इतक्यात टाळी नको. हाच शॉक्ली म्हातारपणी सांगत फिरला, की कमी बुद्ध्यांकाच्या लोकांना पैसे देऊन त्यांची नसबंदी करावी. म्हणजे ज्या चाचणीनं त्याला बाहेर ठेवलं, तिचाच भक्त."

"माणसाचं काही खरं नाही बाप्पा."

"त्याच्याही आधी गॉडर्डनं कहर केला होता. न्यू जर्सीत व्हाइनलँड नावाच्या गावी मंदबुद्धी मुलांची संस्था होती, तिथला हा संशोधक. हे गाव लक्षात ठेव, पुढे लागेल. 1908 मध्ये युरोपात जाऊन बिनेची चाचणी घेऊन आला आणि इंग्रजीत केली. 'मोरॉन' ही शिवी आहे नं, ती यानं 1910 मध्ये शास्त्रीय शब्द म्हणून बनवली. वरून शहाणे दिसतात पण आतून कमी, अशांसाठी. मग त्याच्या दोन मदतनीस बाया 1913 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर जाऊन बसल्या. तिथे युरोपातून बोटी यायच्या. स्वस्तातल्या तिकिटावर कित्येक दिवस बोटीच्या तळाशी हालअपेष्टा काढून आलेली माणसं, भाषा येत नाही, कितीकांनी हातात कधी पेन्सिल धरलेली नाही. त्यांतून यांनी माणसं निवडली आणि दुभाषा लावून विचारलं, आजची तारीख काय? तीन मिनिटांत साठ शब्द सांगा. आणि 1917 मध्ये गॉडर्डनं छापलं, ज्यूंपैकी 83 टक्के, इटालियनांपैकी 79 टक्के, रशियनांपैकी 87 टक्के मंदबुद्धी. एकूण माणसं किती तपासली? सुमारे दीडशे."

"म्हणजे आमच्या गल्लीएवढी."

"गंमत म्हणजे त्याच बेटावर हॉवर्ड नॉक्स म्हणून सरकारी डॉक्टर होता. त्याला कळलं, की भाषेतून विचारलं तर फसगत. त्यानं चार लाकडी ठोकळे मांडले. मी ज्या क्रमानं टकटक करतो त्या क्रमानं तू कर. बोलायचंच काम नाही. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, पण ती ठोकळ्यांची चाचणी पुढे कितीतरी वर्षं जगभर चालली. मग पहिलं महायुद्ध आलं आणि येर्क्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं 17 लाखांवर अमेरिकन रंगरुटांना बसवलं परीक्षेला. वाचता येणाऱ्यांना अल्फा, न येणाऱ्यांना चित्रांची बीटा. सांग बघू, क्रिस्को म्हणजे काय? औषध, जंतुनाशक, दातांची पेस्ट की खायचा पदार्थ?"

"मला काय ठाऊक! पेस्ट असेल."

"तिकडचा डालडा आहे तो. झालीस नापास. चित्रात टेनिसचं मैदान, काय राहिलंय ते काढा. ज्यानं जन्मात टेनिस पाहिलं नाही तो जाळी कुठून काढणार? सरासरी निघाली 13 वर्षांच्या मुलाएवढी. म्हणजे आख्खी फौज मंदबुद्धीच्या काठावर, आणि युद्ध जिंकून आली! वॉल्टर लिपमन या पत्रकारानं 1922 मध्ये लेख लिहून लिहून टर्मनची सालटी काढली, ते लेख आजही वाचावेसे वाटतात. पण ब्रिगम नावाच्यानं याच आकड्यांवर 1923 मध्ये पुस्तक केलं, की दक्षिण आणि पूर्व युरोपातले लोक हलके. पुढच्याच वर्षी त्या लोकांना अडवणारा कायदा आला. कायदा चाचण्यांमुळेच आला असं मी म्हणणार नाही, त्यामागे राजकारण पुष्कळ होतं. पण हाताशी पुरावा म्हणून हे आयतं मिळालं. पुस्तकानंतर सात वर्षांनी ब्रिगमनंच छापून माघार घेतली. तोवर बोटी परत गेल्या होत्या."

"आणि ते पीक कापलं म्हणालात ते?"

"कॅरी बक. व्हर्जिनियातली पोरगी, दुसऱ्यांच्या घरी वाढवायला दिलेली. त्या घरच्याच नात्यातल्यानं जबरदस्ती केली, दिवस गेले, तर घरच्यांनी हिलाच संस्थेत टाकलं. चाचणीत मानसिक वय नऊ निघालं. तिची आई आधीच तिथे, तिचं आठाच्या आत. आणि कॅरीची तान्ही मुलगी काही महिन्यांची, तिच्याकडे नुसतं बघून एका बाईनं साक्ष दिली, की हिच्यातही काहीतरी कमी वाटतं. 1927 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं, करा हिची नसबंदी. केली. ती तान्ही व्हिव्हियन पुढे शाळेत गेली, गुणवंतांच्या यादीतही आली. आठव्या वर्षी आजारानं गेली."

"..."

"म्हणून म्हणते, तो कागद हातात आला की घाबरू नकोस, पण हलकाही घेऊ नकोस."

"ते शाईचे डाग दाखवतात, ते पण यातलंच का?"

"ते निराळं. ती बुद्धीची नाही, स्वभावाची तपासणी. हेरमान रोर्शाक, स्विस. शाळेत त्याचं टोपणनावच 'डाग' होतं, कागदावर शाई टाकून घडी घालायचा खेळ आवडायचा म्हणून. 1921 मध्ये दहा डाग छापले. छापखान्यात छटा बिघडल्या, कुठे फिकं कुठे गडद झालं, तर हा चिडायच्या ऐवजी खूश! पुढच्याच वर्षी अपेंडिक्स फुटून गेला, 37 व्या वर्षी. त्या डागांत आईबाप, पाप, वासना शोधणारे बहुतेक नंतरचे. चिन्मयला त्याची काही गरज नाही. आता खरी भानगड ऐक, ती इंग्लंडात झाली."

"ऐकवा, कुकर लावलाय पण सासूबाई बघतील."

"सर सिरिल बर्ट. मानसशास्त्रज्ञांत सर ही पदवी मिळालेला पहिला इंग्रज. इंग्लंडात अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलं वेगळी काढायचे, काही ग्रामर स्कूलला, बाकीची साध्या शाळेत. म्हणजे अकराव्या वर्षी जन्माचा निकाल! त्या विचारामागे बर्टसाहेबांचं वजन. त्यांचा पुरावा काय, तर जन्मतःच वेगळ्या घरी वाढलेली जुळी. घरं वेगळी, तरी बुद्धी सारखी. 1955 मध्ये 21 जोड्या होत्या, 1966 मध्ये 53 झाल्या. बर्ट 1971 मध्ये वारले. मग लिऑन कॅमिन नावाच्या अमेरिकनानं ते कागद चाळले. त्याला दिसलं, जोड्या दुपटीहून वाढल्या तरी सहसंबंधाचा आकडा तिसऱ्या दशांशापर्यंत तोच, 0.771. आता तूच सांग, भिशीत बाया वाढल्या तर सरासरी वय पैशापैशानं तेच राहील का?"

"शक्य नाही. कुणीतरी हिशेब बसवला."

"1976 मध्ये संडे टाइम्सच्या बातमीदारानं शोधलं. जुळ्यांच्या घरी जाऊन चाचण्या घेणाऱ्या दोन बाया होत्या म्हणे, मिस हॉवर्ड आणि मिस कॉनवे. त्यांच्या नावानं लेख छापलेले. पण त्या सापडेचनात! शिवाय बर्ट स्वतःच्या मासिकात दुसऱ्यांच्या नावानं पत्रं लिहून स्वतःचीच बाजू मांडायचे, हे निराळंच. बर्टचं चरित्र लिहायला बसलेला हर्नशॉ तर त्यांचा चाहता. श्रद्धांजलीचं भाषण त्यानंच केलं होतं. बर्टच्या बहिणीनं त्याला डायऱ्या दिल्या. त्या वाचून 1979 मध्ये त्यानंच लिहिलं, की आकडे बनावट. नंतर काहींनी पुस्तकं लिहून बर्टची बाजूही घेतली. गबाळेपणा म्हणा, लबाडी म्हणू नका, म्हणाले. मला विचारशील तर बहिणीनं डायऱ्या दिल्या तिथेच निकाल लागला."

"आता आपल्याकडचं सांगा. चिन्मयला हीच विलायती परीक्षा देणार?"

"नाही गं. व. वि. कामत म्हणून होते. त्यांनी 1930 च्या दशकात तेव्हाच्या मुंबई इलाख्यात मराठी आणि कानडी मुलांवर बिनेची चाचणी तपासून नव्यानं बसवली. बिने-कामत म्हणतात तिला, अजून दवाखान्यांत चालते. आणि दुसरी आपल्या नागपूरची! फादर मॅलिन. इथे बालमार्गदर्शन केंद्रात बसून वेक्स्लरची चाचणी त्यांनी भारतीय मुलांसाठी केली, 1969 च्या सुमाराला."

"आपल्या नागपुरात? कुणी सांगितलं नाही कधी."

"कोण सांगणार, संत्र्यातून वेळ मिळेल तर. हा वेक्स्लर पहिल्या महायुद्धात तरुणपणी फौजेतल्या त्या चाचण्या तपासायचा. बाहेर धडधाकट काम करणारे लोक कागदावर नापास होताना त्यानं डोळ्यांनी पाहिले. म्हणून त्याच्या चाचणीत अर्धं बोलायचं, अर्धं हातानं करायचं. आणि मॅलिननी आणखी एक आणली. व्हाइनलँड आठवतं?"

"गॉडर्डचं गाव."

"बरोब्बर. गॉडर्डनंतर काही वर्षांनी त्याच खुर्चीत डॉल बसला. त्यानं 1935 मध्ये सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टी केली. तीत मुलाला परीक्षेला बसवतच नाहीत, आईशी गप्पा मारतात. हातानं जेवतो का, गुंड्या लावतो का, दुकानातून सामान आणून उरलेले पैसे परत देतो का, एकटा शेजारी जातो का. ज्या गावानं 'मोरॉन' शब्द काढला त्याच गावची ही. आज इथे दिव्यांग प्रमाणपत्र काढताना मॅलिनची तीच पट्टी लावतात."

"चिन्मय तर दुकानात जातो, पैसे मोजून आणतो. एखादे वेळी रुपयाचं चॉकलेट जास्तीचं असतं, ते वेगळं."

"तेवढं उत्तर मला पुष्कळ झालं. आता नीट ऐक. चाचणीच्या आधी डोळे तपास, मग कान. फळ्यावरचं अर्धंच उतरवतो म्हणालीस नं? मग पहिली चौकशी डोळ्यांची. चाचणी कोणती आणि तिचे प्रमाणआकडे कधीचे, ते विचार. न्यूझीलंडच्या फ्लिननं 1984 मध्ये दाखवलं, की पिढ्यांमागून पिढ्या माणसांचे गुण वाढत जातात, दहा वर्षांत साधारण तीन. जुन्या पट्टीवर मोजलं की पोरगं उगाच हुशार दिसतं आणि लागणारी मदत हुकते. आणि नुसता आकडा घेऊन येऊ नकोस. कुठल्या उपचाचणीत किती, ते लिहून माग. वाचण्यातच अडत असेल तर ते वेगळं प्रकरण, त्याची तपासणी वेगळी. बुद्धी चांगली असूनही वाचन अडतं."

"आणि बिनेनं त्या मागे पडलेल्या पोरांचं पुढे काय केलं?"

"वेगळे वर्ग काढले, लहान. आणि खेळ घेतले. स्टॅच्यू! बाई 'थांबा' म्हणाल्या की जसे असाल तसे पुतळे. पहिल्या दिवशी कुणाला उभं राहता येईना, पुढे पुढे जमायला लागलं. काठोकाठ भरलेलं भांडं न सांडता न्यायचं. लक्ष कसं द्यायचं ते आधी शिकवा, धडे नंतर, असं त्याचं म्हणणं. सिमाँ 1961 पर्यंत जगला. बुद्ध्यांकाचा विषय निघाला की म्हणायचा, हा आमच्या पट्टीशी केलेला दगा आहे."

"चिन्मय स्टॅच्यू मस्त खेळतो हो. शेजारच्या पिंकीला हलवूनच दाखवतो आधी."

"त्याचे गुण कोणत्या खणात टाकायचे ते मलाही सांगता येणार नाही. जा, कुकरच्या शिट्या झाल्या. आणि डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ आजच घेऊन टाक, संध्याकाळी फोन लागत नाही त्यांचा."